‘वाटलं’ हे उत्तर नव्हे

टीचर माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या त्या एका क्रियापदावरून. नोकरीला लागून मला आठवडा झाला होता. अहवालात मी लिहिलं होतं, ‘महिलांना गांडूळ खताच्या पिशव्या वाटल्या. महिलांना समाधान वाटलं.’ टीचरनी पेन्सिलीने त्या दोन्ही शब्दांभोवती गोल काढले, आणि ते इतक्या जोराने काढले की कागद फाटला.

“ह्यां एक वाटप आणि ह्यां एक वाटणां. दोन्ही वाटलांच! पिशवी हातात पडल्यार पुढे काय झालां गो? खत शेतात गेलां, काय पिशवी धुवन तेच्यात तांदूळ भरल्यानी?”

“माहीत नाही, टीचर.”

“मगे तसां लिव. ‘माहीत नाय’ असां लिव. ‘वाटलां’ ह्यां उत्तर न्हय!”

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मनातल्या मनात त्यांना मालवणीतल्या सगळ्या शिव्या दिल्या.

टीचर गोव्यातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. इन्सुलीला वडिलांनी बांधलेल्या घरात एकट्या राहायच्या आणि एसटीने कुडाळला यायच्या. तिथे आमची संस्था. आम्ही गावोगावी उपक्रम करायचो, पैसे कंपन्यांचे, आणि कंपन्यांना हल्ली उपक्रमाचा ‘परिणाम’ मोजून हवा असतो. म्हणून सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, मूल्यमापन विभाग काढला. त्यात मी होते, आणि फॉर्म तपासायला आठवड्यातले तीन दिवस टीचर. मी पिंगुळीजवळच्या शेतकरी घरातली, समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेली. मूल्यमापन म्हणजे फॉर्म भरून घेणं, अशी माझी समजूत होती. सरांचीही तीच होती. फरक एवढाच की माझी समजूत टीचरनी ओरडून ओरडून मोडली. सरांची मोडायची त्यांना सोय नव्हती.

काही माणसं रागावतात आणि विसरतात. टीचर रागावायच्या आणि वहीत तारीख लिहून ठेवायच्या. फुलाफुलांचा झगा, पायात रबरी चपला, कानामागे पेन्सिल. पेन कधी वापरलं नाही. म्हणायच्या, “पेनान लिवलेलां माणूस खोडणा नाय, तेची बाजू घेता.” कुणाच्याही घरी पुढच्या दाराने गेल्या नाहीत. पुढच्या दाराने सरपंच जातो, म्हणायच्या, आणि सरळ मागच्या पडवीत जाऊन जमिनीवर बसायच्या. काम संपेपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत. आणि ‘तुम्ही नेहमी काय करता?’ हा प्रश्न मी एकदा विचारला तर परतीच्या एसटीत भर गर्दीत माझं सालटं काढलं. “नेहमी काय करता असां इचारलंस की माणूस फोटोक उभो रवता तसो उभो रवता. काल काय केलंस, असां इचार. कालचां खोटां बोलूक कठीण.”

दोडामार्गच्या बाजूला एका शाळेत आम्ही हात धुण्याचा उपक्रम केला होता. मुलं एका सुरात म्हणाली, “आम्ही जेवणाआधी हात धुतो.” मी भराभर खुणा केल्या. टीचर उठून नळापाशी गेल्या आणि साबण घेऊन आल्या. माझ्या नाकासमोर धरला. “वाच.” मी कंपनीचं नाव वाचलं. “तीन महिन्यांनी साबणाची अक्षरां वाचूक येतत. आणि तू लिवतंस, धुतत!” मला वाटलं आता मुलांवर तुटून पडणार. मुलांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नळ सोडून बघितला. पाणी नव्हतं. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, पाणी दुपारी तीननंतर चढतं. मुलं जेवायची एक वाजता. हे तीन महिन्यांत आमच्यातल्या कुणीही पाहिलं नव्हतं. परतताना टीचर रागाने इतक्या गप्प होत्या की कंडक्टरने दोनदा विचारून तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं.

चर्चमध्येसुद्धा सोडायच्या नाहीत. फादरनी शिवणवर्गाचं कौतुक केलं तेव्हा या उभ्या राहिल्या. “तेच्यानंतर कितक्या बायलमाणसांनी एक तरी झगो शिवलो?” फादर म्हणाले, “टीचर, देवाला सगळं दिसतं.” टीचर म्हणाल्या, “देवाक दिसता. माका दिसूक नाय.” हे त्यांनीच मला सांगितलं. त्याचं त्यांना हसू आलं नव्हतं, म्हणून मीही हसले नाही.

आता जाकिटांचं सांगते. ते सांगताना मला अजून राग येतो, आणि तो सगळा दुसऱ्यांवर नाही.

मालवणच्या उत्तरेला खाडीकाठचं एक गाव. एका कंपनीने तिथल्या होडीवाल्यांना लाईफ जॅकेटं दिली, आमच्या संस्थेमार्फत. गावात समिती झाली, तिचे एक अध्यक्ष झाले. पाहणीला मी गेले. दोन दिवस अध्यक्षांच्या ओटीवर खुर्चीत बसून होते. ते एकेकाला बोलावून घ्यायचे, त्यांची बायको मला कोकम सरबत आणून द्यायची. जॅकेट मिळालं? होय. वापरता? होय. सुरक्षित वाटतं? होय. दुसऱ्या दिवशी एकजण आला, चाळिशीचा, मुंडण केलेला. जमिनीकडे बघत तीनदा ‘होय’ म्हणाला आणि गेला. ते डोकं मी पाहिलं होतं. कशाचं मुंडण, असं मनात येऊनही गेलं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

अहवालात मी वाक्य लिहिलं, ‘उपक्रम सुरू झाल्यापासून गावातील एकही मच्छीमार बुडालेला नाही.’ सर खूश झाले. हे वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाका म्हणाले.

टीचरनी ते वाचून विचारलं, “तेच्याआधी कितके बुडल्ले?”

मी फॉर्मांचा गठ्ठा चाळायला लागले. त्यात तो आकडा नव्हता.

“आधी धा बुडत होते आणि आता एकय नाय, तर जाकिटान वाचवलां. आधी एकय बुडणा नाय आणि आता पण एकय नाय, तर जाकिटान काय केलां? खुंट्येक शोभा!”

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन निघाल्या. सुकतीची वेळ, म्हणजे ओहोटीची, त्यांनी आधीच कुणाला तरी विचारून ठेवली होती. गावात पोचल्यावर अध्यक्षांच्या घराकडे बघितलंही नाही. दोन-तीन घरांच्या मागच्या पडवीत गेलो. बायका कुणीच नव्हत्या. “सुकती लागली मां. सगळ्यो खाडीत,” एक म्हातारी म्हणाली.

खाडीत सात-आठ जणी कमरेएवढ्या पाण्यात होत्या. पायाने चाचपून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत होत्या आणि कमरेच्या टोपलीत टाकत होत्या. टीचरनी झगा वर खोचला आणि ढोपरभर पाण्यात गेल्या. मी काठावर त्यांच्या चपला सांभाळत उभी राहिले.

“होडयेवरचो कोण बाप्यो बुडल्लो काय गो हय?” त्यांनी विचारलं.

मंदाकाकी नावाची बाई होती, सगळ्यांत वयस्कर. म्हणाली, “माझ्या लग्नापासून तरी कोण नाय. होडये खाडीतच फिरतत, दर्यात खंय जातत?”

“आणि तुमच्यातली?”

पाण्यातले पाय थांबले. कुणीतरी म्हणालं, “शेवंती गेली. आता म्हयनो झालो.”

महिन्याभरापूर्वी. जाकिटं वाटून झाली होती तेव्हा.

मंदाकाकी सांगत होती. या बायकांना खाडीचा तळ पायांना पाठ असतो. पण हल्ली काल जिथे ढोपरभर पाणी होतं, तिथे आज पाय ठेवावा तर ठावच लागत नाही. “रेतीवाले येतत, पंप लावन रेती ओढतत, खड्डो ठेवन जातत. शेवंती माज्या पुढे दोन हातार होती. बोलता बोलता दिसाची बंद झाली.”

“रेतीवाले कोण?” टीचरनी विचारलं.

मंदाकाकीने माझ्याकडे बघितलं. “हेका म्हायत आसा. तेच्याच ओटयेर खुर्चेत बसान सरबत पियालां मां ह्यां चेडू.”

तिथून आम्ही शेवंतीच्या घरी गेलो, अर्थात मागच्या दाराने. तिची बारावीतली मुलगी, दर्शना, चुलीशी होती. आत खुंटीला नारिंगी जॅकेट, त्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बाप बाहेरून आला. डोक्यावर आता खुरटे केस आले होते. मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं. बायकोचं बारावं करून दोन दिवसांनी तो माझ्यासमोर येऊन ‘सुरक्षित वाटतं’ म्हणून गेला होता. अध्यक्षांनी बोलावलं म्हणून आला, विचारलं तेवढं बोलला. शेवंतीबद्दल मी विचारलंच नव्हतं.

टीचरनी नवा अहवाल पेन्सिलीने लिहिला, मी टाइप केला. दोन परिच्छेद. एक शेवंतीचा, एक खड्ड्यांचा. सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

“टीचर, दुःखद आहे. पण हे आपल्या उपक्रमाच्या कक्षेबाहेर आहे. उपक्रम मच्छीमारांसाठी होता.”

“ती काय करी होती? फुलां वेची?”

“कागदोपत्री मच्छीमार म्हणजे ज्याच्या नावावर होडी आहे तो. आणि तिसऱ्या म्हणजे काही मासे नव्हेत.” हे सर खरोखर म्हणाले. गंभीर चेहऱ्याने. “मला सांगा, एकही मच्छीमार बुडाला नाही, हे वाक्य खोटं आहे का?”

“खोट्यार माका राग येणा नाय, सर,” टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो घट्ट झाला होता. “खोटां धरूक येता. ह्यां खरां आसा. म्हणान राग येता.”

त्या गेल्यावर सर मला म्हणाले, “तू हुशार आहेस. तूच टाइप केलंस, तूच दुरुस्त कर.” मी केलं. दोन परिच्छेद काढायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मला कुणी धमकी दिली नव्हती. सर मला हुशार म्हणाले होते, एवढंच.

छापील अहवाल आला त्या दिवशी टीचर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. “हात दाखय.” मी हात पुढे केला. “खयच्या बोटान पुसलंस?” मला समजेना. शेवटी मी उजव्या हाताचं पहिलं बोट दाखवलं. त्यांनी ते बोट बघितलं, जणू त्यावर काहीतरी असणारच होतं. मग म्हणाल्या, “चल. जेचां तेका वाचून दाखवूया.”

सुकतीला आम्ही पुन्हा खाडीवर. बायका पाण्याबाहेर येऊन टोपल्या टेकून उभ्या राहिल्या. दर्शनाही होती. टीचर म्हणाल्या, “तुमची माहिती घेवन ह्यां लिवल्यानी. आयका.” आणि मला, “वाच.”

मी वाचलं. ते ऑफिसचं मराठी त्या काठावर वाचताना मी शब्दाशब्दाला अडखळले. ‘एकही मच्छीमार बुडालेला नाही’ इथे आले तेव्हा मंदाकाकी म्हणाली, “मगे शेवंती माशांक भेटूक गेली काय?”

दर्शना पुढे आली. “माज्या आवशीचां नाव खंय आसा तेच्यात?”

“नाही,” मी म्हटलं.

“मगे बाबांक बोलवन तू लिवलंस तरी काय?”

मी लिहिलं होतं, होय, होय, होय. ते मला तिला सांगावं लागलं. टीचरनी माझी बाजू घेतली नाही, माझ्यावर ओरडल्याही नाहीत. बाजूला उभ्या राहून खाडीकडे बघत होत्या.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. टीचरना पत्र आलं, कराराची मुदत संपली. आणि गावातल्या बायकांनी खुंटीवरची जाकिटं काढून फाडली, नारिंगी पट्ट्या बांबूंना बांधल्या आणि जिथे जिथे खड्डा सापडला तिथे तिथे बांबू रोवले. रेतीवाल्यांनी ते उपटले. बायकांनी पुन्हा रोवले. सरांना हे कळलं तेव्हा मला वाटलं आता चिडणार. ते आनंदले. “समुदायाचा सहभाग!” म्हणाले, आणि मला फोटो काढायला पाठवलं. पुढच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आला, मागे खाडी, पुढे नारिंगी पट्ट्या. खाली ओळ होती, ‘जॅकेटांचा अभिनव वापर’. कंपनीच्या लोकांना तो फार आवडला.

तो अहवाल घेऊन मी इन्सुलीला गेले. का गेले ते मलाही धड सांगता यायचं नाही. बहुतेक त्यांनी सरांना चार शिव्या घालाव्यात आणि मी त्या ऐकाव्यात, अशी माझी इच्छा असावी. टीचर मागच्या पडवीत कोकमं फोडत बसल्या होत्या. हात लालभडक. मुखपृष्ठ बघितलं, हात न लावता.

“फोटो कोणी काढलो?”

“मी.”

“बरो इलो. खड्डो कितको खोल आसा?”

“म्हणजे?”

“फोटो काढलंस मां? मगे खड्डो बघलंस असतलंस. कितको खोल? कितके आसत? खंय खंय?”

मी काठावरूनच फोटो काढला होता. त्या एवढ्या जोराने उठल्या की कोकमांचं सूप उलटलं. “दोन वर्सां झाली! दोन वर्सां तू त्या खाडीर लिवतंस! पाण्यात पाय घातलंस कदी? मेल्या रिपोर्टांचो ढीग केलंस, आणि पाय सुके!” आत गेल्या, एक लांब काठी आणि शाळेतल्या आलेखाच्या कागदांची जुनी वही घेऊन आल्या. काठीवर वीतभर अंतराने सुतळीच्या गाठी मारून दिल्या. लाल हातांनी माझ्या ओढणीला डाग पडले. “जा. बायलमाणसांबरोबर उतर. एकलां उतरू नको, तुका ठाव लागाचो नाय.”

मी उतरले. त्या दिवशी दर्शना पाण्यात होती. बारावी झाली, पुढे काही नाही, म्हणाली. आईची टोपली आता तिच्या कमरेला होती. तिने माझं मनगट धरलं आणि पुढे पाय टाकत चालली. मऊ रेती, मग चिखल, मग पुन्हा रेती. मी तिला काहीतरी विचारत होते, आणि पायाखालचं सगळं गेलं. थंड पाणी नाकातोंडात. कानात काहीच ऐकू येईना. मग मनगटाला हिसका, आणि मी पुन्हा रेतीवर उभी, खोकत.

“हय,” दर्शना म्हणाली. “आवस हयच गेली.”

आम्ही काठी घातली. ती वरच्या गाठीपर्यंत आत गेली आणि तळ लागला नाही. आलेखाचा कागद आणि पेन्सिल मी मंदाकाकीच्या डोक्यावरच्या टोपलीत ठेवायला दिली होती. ओल्या हाताने पेन्सिलीने लिहिलं. मंदाकाकी आणि बाकीच्या जणी पुढचे खड्डे दाखवत गेल्या. काठी एक धरायची, दुसरी तिला धरायची. चार सुकत्या लागल्या, आणि आलेखाच्या कागदावर खड्ड्यांचा नकाशा तयार झाला. प्रत्येक खड्ड्याशेजारी मी मोजणारीचं नाव लिहिलं. त्या पहिल्या खड्ड्याशेजारी दर्शनाने स्वतःच्या हाताने ‘शेवंती’ लिहिलं.

त्या नकाशाच्या झेरॉक्स लावून बायकांनी पुढे तहसीलदारांकडे रेतीउपशाविरुद्ध अर्ज केला. महिनाभर रेतीवाल्यांच्या होड्या बंद होत्या. मग एक आली, मग दुसरी. बायकांनी दुसरा अर्ज केला आहे. ते अजून चालू आहे. पण अर्ज व्हायच्या आधी मी नकाशा घेऊन सरांकडे गेले होते. मला वाटलं होतं, हे बघितल्यावर तरी.

सरांनी तो टेबलावर पसरला, बराच वेळ बघितला. “मेहनत घेतलीयेस,” म्हणाले. “पण यात आपला लाभार्थी कोण?”

त्या केबिनमध्ये मी कधी मालवणी बोलले नव्हते. घरची भाषा घरी. त्या दिवशी तोंडातून दुसरं काही निघेचना.

“लाभार्थी? लाभार्थी तो रेतीवालो! तुमचो अध्यक्ष! लाभ तेका झालो, तेचां नाव लिवा पयल्या रकान्यात! जाकिटां तुमी दिलात, फोटो माका काढूक लावलात, आणि ती बायल बुडली! लिवा मां! पेन आसा मां हातात?”

शेजारच्या खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. सर म्हणाले, “तू आधी शांत हो.” मी शांत झाले नाही. उद्यापासून येत नाही म्हटलं आणि जिना उतरून रस्त्यावर आले. टीचरना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, मी काय बोलले, किती मोठ्याने बोलले. मला शाबासकी हवी होती. इतक्या दिवसांत एकदा.

टीचरनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, “नकाशो खंय आसा?”

“सरांच्या टेबलावर.”

“कोणाचो तो?”

“बायकांचा.”

“मगे तू रस्त्यार काय करतंस? वर जा!” आणि फोन ठेवला.

मी वर गेले. सर पाठ करून खिडकीशी फोनवर बोलत होते. नकाशावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता. मी कप उचलून बाजूला ठेवला, कागदावरचं ओलं ओढणीने टिपलं, घडी घातली आणि निघाले.